अंगठ्याहून लांब बोट

अंजलीच्या पायाची बोटं मी वाकवली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला माझी दया यायला नको. एकटी बाई, नवरा गेला, तरी पोर शिकवली, ही हळहळ मला बारा वर्षं फुकटात मिळत आली आणि मीही ती दोन्ही हातांनी घेत आले. आता पुरे.

घाटनांदूरजवळच्या एका लहान गावात मी अंगणवाडी सेविका आहे. लेकरांची वजनं करायची, गरोदर बायांची नावं लिहायची आणि उरलेल्या वेळात लोकांना शहाणं करायचं, हे माझं काम. बाळाच्या नाळेवर राख लावू नका, लेकरू तापलं तर अंगारा लावत बसू नका, दवाखाना गाठा. हे मी इतक्या तावातावानं सांगते की गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्या मला लांबून बघूनच वाट बदलतात. तोंडानं मी फार पुढारलेली बाई आहे.

अंजली सात वर्षांची होती तेव्हा तिचे वडील, राम, कामानिमित्त चौसाळ्याला गेले आणि परत येताना हायवेवर त्यांची मोटारसायकल ट्रकखाली गेली. दहाव्याच्या दिवशी बायांनी माझ्या पायांतली जोडवी काढली. उजव्या पायातलं निघेना, म्हणून सासूबाईंनी, छबुबाईंनी, माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि तसाच धरून ठेवला. आमच्याकडं असं मानतात की बाईचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब असलं तर ती नवऱ्याला वरचढ होते, आणि फारच लांब असलं तर त्याला खाते. मुलगी बघायला आलेल्या म्हाताऱ्या तिचं तोंड नंतर बघतात. ती वाकून पाया पडते तेव्हा त्यांची नजर आधी तिच्या बोटांवर असते. मला बघायला आले होते त्या दिवशी आईनं माझ्या निऱ्या मुद्दाम खाली सोडल्या होत्या, पार जमिनीवर लोळत होत्या. आठ वर्षं एका घरात राहून सासूबाईंनी माझं बोट पाहिलं नसेल असं कसं होईल? पण पोटचा गेला की माणसाला दोष ठेवायला जागा लागते, आणि माझा पाय त्यांच्या मांडीवरच होता.

"ह्या बोटानं खाल्लं माझ्या लेकराला," त्या म्हणाल्या.

चाळीस बाया बसल्या होत्या. एकीनंही त्यांना गप केलं नाही. मी तशी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध, पण मीही गप बसले. मला ते खरं वाटलं असं नाही. खरं वाटलं असतं तर निदान मी अडाणी होते असं म्हणता आलं असतं. झालं ते असं, की अंजली माझ्या शेजारी अनवाणी बसली होती आणि तिचं दुसरं बोट हुबेहूब माझं होतं. उद्या हिलाही कुणी चारचौघींत असाच पाय धरून बोलेल, एवढंच माझ्या डोक्यात बसलं आणि ते काही केल्या निघेना.

पुढच्या महिन्यात मी जुन्या सुती साडीच्या दोन बोटं रुंद पट्ट्या फाडल्या. रोज शाळेत जायच्या आधी अंजलीला पायरीवर बसवायचे, दुसरं बोट मधून दुमडून टोक खाली दाबायचे, पट्टी गच्च आवळायचे, वर मोजा आणि वर बूट. बूटही एक नंबर लहान. दुकानदार म्हणाला, वाढतं लेकरू आहे ताई, मोठा न्या. मी लहानच घेतला. पोरगी पहिले काही दिवस रडली. मग मी तिला सांगितलं की तुझी बोटं जन्मापासूनच वाकडी आहेत, ही पट्टी सरळ करायला बांधते, नाही बांधली तर मोठेपणी लंगडशील. त्यानंतर ती रडली नाही. शहाणी पोर, सकाळी स्वतःहून पाय पुढं करायची. डाव्या पायाची पट्टी बऱ्याचदा सुटायची, उजव्याची मात्र माझी गाठ पक्की असायची. शाळेत ती सारखी पडायची; गुडघे कायम फुटलेले. गुरुजींनी एकदा चिठ्ठी पाठवली की मुलीला डॉक्टरला दाखवा. मी ती चिठ्ठी चुलीत घातली.

पाच वर्षांनी बांधणं सोडलं. तोवर बोट अंगठ्याच्या आतच राहायला लागलं होतं, आणि मला वाटलं, झालं काम. मग मी ते विसरले. खरंच विसरले. माणूस स्वतःचं केलेलं किती सहज विसरतं, ह्याचं मला अजून नवल वाटतं.

अंजली मोठी झाली ती पळत पळत. बारावीनंतर तिनं हट्टानं अंबाजोगाईच्या भरती अकॅडमीत नाव घातलं आणि तिथंच होस्टेलवर राहायला लागली. तिला वर्दी हवी होती. केंद्रीय दलाची परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली, सोळाशे मीटरच्या धावण्यात तिच्या गटात दुसरी आली. राहिली होती फक्त वैद्यकीय तपासणी, तीही दोन महिन्यांनी. गावात लोक आताच तिला मॅडम म्हणायला लागले होते. छबुबाईसुद्धा आल्यागेल्याला सांगायच्या, आमची पोरगी फौजेत चालली. त्या दिवसांत मला चालताना जमीन लागत नव्हती.

अकॅडमीचे तानाजी सर फौजेतून निवृत्त झालेले. खऱ्या तपासणीच्या आधी ते पोरांची स्वतःच एक तपासणी घेतात: सगळ्यांना अनवाणी ओळीत उभं करायचं, गुडघे बघायचे, तळवे बघायचे, दात बघायचे. त्यांनी अंजलीचे पाय बघितले आणि मला फोन करून बोलावून घेतलं. मधल्या सांध्यात उंटाच्या पाठीसारखं वर आलेलं बोट, टोक जमिनीत खुपसलेलं, वर आलेल्या सांध्यावर पिवळं, कडक कुरूप. एवढं मोठं झालेलं मी पाहिलंच नव्हतं. ती घरी यायची तेव्हा मोजे घालूनच असायची.

सर म्हणाले, "ताई, पोरगी लई दमाची हाय. पण हे बोट मेडिकलला चालायचं न्हाई. मऊ असलं, हातानं सरळ होत असलं, तर घेतेत. आखडलेलं आन् वर कुरूप म्हणल्यावर सरळ बाहेर काढतेत. दोन महिने हायेत, इलाज करा."

त्यांनीच डॉक्टरचं नाव दिलं. बबिता मॅडम फक्त पायांच्या डॉक्टर, पोडियाट्रिस्ट. महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी संभाजीनगरहून अंबाजोगाईच्या एका खाजगी दवाखान्यात येतात. आम्ही गेलो तेव्हा बाहेरच्या बाकांवर साखरेच्या आजाराची माणसं बसली होती, कुणाची टाच बांधलेली, एका म्हाताऱ्याचं अर्धं पाऊलच गेलेलं. अंजली त्यांच्यात बसून घड्याळ बघत होती, कारण संध्याकाळचं मैदान चुकू नये. तिच्या लेखी हे एक किरकोळ काम होतं.

मॅडमनी तिला आधी अनवाणी चालायला लावलं, मग उभं केलं, मग कागदावर पाऊल ठेवून भोवती पेनानं रेघ मारली आणि त्या आकृतीवर तिचा पळायचा बूट ठेवला. पाऊल बुटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर दिसत होतं. एवढ्या अरुंद बुटात ती रोज दहा-बारा किलोमीटर पळत होती. लहानपणापासून घट्टच बूट घातले, सैल बुटात मला पळता येत नाही, असं अंजली म्हणाली. मग मॅडमनी तिला टेबलावर बसवलं आणि अंगठ्यानं बोटांच्या मुळाशी तळव्यावर दाबलं. डाव्या पायाचं वाकडं बोट हळूच सरळ झालं. उजव्याचं अर्धं सरळ झालं आणि तिथं अडकलं.

"ह्याला हॅमर टो म्हणतात," त्या म्हणाल्या. "बोट मधल्या सांध्यात वाकतं, वर आलेला सांधा बुटाला घासतो आणि तिथं कुरूप होतं. दाबल्यावर सरळ होतंय तोवर ते हातातलं असतं. एकदा सांधाच आखडला की मग हाड कापावं लागतं."

डावं बोट तर नुसतं पट्टीनं आणि व्यायामानं सुधारेल, त्या म्हणाल्या: पुढून रुंद बूट, तळव्याखाली छोटी गादी, आणि जमिनीवर टॉवेल पसरून तो रोज बोटांनी गोळा करायचा. उजव्याच्या खालची दोरी, म्हणजे स्नायूचा बंध, आखडला होता. तो सुईसारख्या पात्यानं कापायचा, बोट तेवढं बधिर करून, दहा मिनिटांचं काम. मग तीन-चार आठवडे पट्टीत सरळ धरून ठेवायचं. आजही करता येईल, आणि तपासणीला आठ आठवडे आहेत, म्हणजे वेळ पुरेसा आहे. बोलता बोलता त्यांनी पात्यानं कुरूप सोलून काढलं, अंजलीला कळलंही नाही. बाजारातलं कुरूप काढायचं औषध मात्र लावू नका, त्यानं चांगली कातडीही जळते, असं दोनदा बजावलं. अंजलीनं माझ्याकडं बघून मान हलवली, जणू कुणी वर्दी खुंटीवरून काढून तिच्या हातात दिली होती.

मग मॅडमनी विचारलं, हे कधीपासून आहे?

"जन्मापासूनच हाय," अंजली म्हणाली. "आईनं लहानपणी रोज पट्टी बांधली, सरळ व्हावं म्हणून. पाच वर्षं. लई केलं आईनं."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. लेकराच्या पायाकडं इतकं लक्ष देणाऱ्या आया मला क्वचितच भेटतात, असं काहीसं त्या म्हणाल्या. मी वजनकाट्याकडं बघत राहिले. आता सांगावं, असं वाटलं. अगदी तोंडापर्यंत आलं. पण त्यांचा पुढचा प्रश्न आला होता: लहानपणी ही पडायची का? अंजली हसून म्हणाली, लई पडायची, गुडघे बघा की. मॅडमनी पातं ट्रेमध्ये ठेवलं. आवाज बदलला. वडिलांचे पाय कसे होते? घरात आणखी कुणाची बोटं अशी आहेत? कधी मार लागला होता का, बोट मोडलं होतं का? शेवटी थेट मला विचारलं, की खरंच जन्मतःच होतं ना, की नंतर झालं?

"जन्मापासून," मी म्हणाले.

तो एक शब्द.

मॅडमनी समजावून सांगितलं. जन्मापासून, दोन्ही पायांना, त्यात पडण्याची सवय, म्हणजे नसांचा पिढीजात आजार असू शकतो. त्यात हळूहळू पायातली ताकद जाते. तसं असेल तर आज बंध कापून उपयोग नाही, बोट पुन्हा वाकेल आणि जखम भरायलाही त्रास होईल. आधी लातूरला नसांची तपासणी करून घ्या, रिपोर्ट घेऊन पुढच्या शनिवारी या. म्हणजे पुढच्या महिन्याच्या. नसा चांगल्या निघाल्या तरी चार आठवडे उरतील, जमवू.

बाहेर पायऱ्यांवर अंजली उभी राहिली. तिनं मला विचारलं, की पाय लुळे पडतात का ह्यात? मी म्हणाले, असं काही नसतं. परत आत जाऊन दोन वाक्यं बोलायची होती. दार दहा पावलांवर होतं. पुढचा पेशंट आत गेला, आणि मी रिक्षा थांबवली.

लातूरची तारीख वीस दिवसांनी मिळाली. हे वीस दिवस मला कुणी दिलेली शिक्षा नाही, मीच ते ओढवून घेतले. अंजली होस्टेलवरून घरी आली. पळणं बंद केलं. मोबाइलवर त्या आजाराबद्दल वाचायची, मग अंगणात टाचांवर चालून बघायची की पंजा खाली पडतो का. पोटऱ्या बारीक झाल्यात का, हे दिवसातून चार वेळा हातानं मोजायची. आजीला विचारलं, पप्पा चालताना अडखळायचे का? छबुबाईंना असा प्रश्न म्हणजे पर्वणीच. त्या म्हणाल्या, माझा राम हरणासारखा चालायचा, खोट असली तर तुझ्या आईच्या घरची. मी स्वयंपाकघरात ऐकत होते. खोट कुणाची आहे हे मला पक्कं माहीत होतं, तरी मी कणीक मळत राहिले.

एका दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली. मी डाळ निवडत होते. तिनं अगदी शांतपणे सांगितलं की हा आजार निघाला तर ती लग्न करणार नाही, आपल्या पोराबाळांना हे द्यायचं कशाला. एकोणीस वर्षांची पोर. मी तिचं लग्न नीट व्हावं म्हणून हे सगळं केलं होतं. त्या क्षणी सुपात डोकं आपटावंसं वाटलं. पण मी काय म्हणाले? मी म्हणाले, रिपोर्ट येऊ दे आधी.

सांगायचं धाडस नाही, आणि स्वस्थही बसवत नाही, अशा माणसानं जे करायचं तेच मी केलं. घाटनांदूरच्या मेडिकलातून कॉर्न कॅप आणली, कुरुपावर चिकटवायची औषधाची पट्टी. मॅडमनी नको म्हटलेलं मला चांगलं आठवत होतं. पण मला वाटलं, निदान कुरूप तरी जाईल, निदान एवढं तरी माझ्या हातून सुटेल. अंजली नको म्हणत होती. मी म्हणाले, मी बांधलेलं कधी वाईट झालंय का? तिनं पाय पुढं केला. चौथ्या दिवशी कातडी पांढरी होऊन सोलली, सहाव्या दिवशी बोट लाल झालं आणि त्यातून पू यायला लागला.

लातूरला डॉक्टरनी तिच्या पायाला तारा लावल्या आणि विजेचे झटके दिले. प्रत्येक झटक्याला तिचा पाय आपोआप उडायचा. ती दात आवळून छताकडं बघत होती. मी दाराशी उभी होते. अर्ध्या तासानं डॉक्टर म्हणाले, नसा उत्तम आहेत, कसलाही आजार नाही, कुणी घाबरवलं तुम्हाला? बाहेर आल्यावर अंजली माझ्या गळ्यात पडून रडली. पप्पांकडूनही काही आलं नाही आणि तुझ्याकडूनही नाही, असं पुनःपुन्हा म्हणत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मनात आलं, सुटले. आता हे कुणाला कधीच कळणार नाही. हेही लिहून ठेवते, कारण ते खरं आहे.

दुसऱ्या शनिवारी आम्ही पुन्हा अंबाजोगाईला गेलो. मॅडमनी रिपोर्ट वाचला, त्यांचा चेहरा खुलला, आणि मग अंजलीनं मोजा काढला.

त्यांनी तिचा पाय उजेडात वळवून धरला. हे कुणी लावलं, असं विचारलं. मी लावलं, असं मी म्हणाले. त्यांनी जखम धुतली, मेलेली कातडी काढली, आणि मग पुन्हा तळव्यावर अंगठा दाबला. बोट आता जरासुद्धा हललं नाही. पू असताना पातं लावता येणार नाही, त्या म्हणाल्या. जखम भरायला तीन आठवडे. त्यात सुजेनं सांधा धरला आहे, आता नुसता बंध कापून भागणार नाही, हाडाचा तुकडा काढून आत तार घालावी लागेल, सहा आठवडे. ही भरती सोडून द्या, पुढच्या वर्षीचं बघा.

अंजलीला काही वेळ ते समजलंच नाही. तिनं विचारलं, पण नसा तर चांगल्या आहेत ना? मॅडम म्हणाल्या, हो, चांगल्या आहेत. मग त्या माझ्याकडं वळल्या. नस ठीक, मार नाही. आणि नुसत्या बुटानं दोन्ही पायांचं नेमकं एकच बोट इतकं वाकत नाही. मग हे झालं कशानं?

नर्स ट्रे आवरत होती.

"मी वाकवलं," मी म्हणाले. "बांधून. अंगठ्याहून लांब होतं म्हणून. सरळच होतं आधी."

नर्सचे हात थांबले. मॅडम चिडल्या नाहीत, चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी रिपोर्टची घडी घातली आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "मी तुम्हाला तीनदा विचारलं होतं. पहिल्याच दिवशी हे सांगितलं असतं, तर त्याच दुपारी मी ते बोट मोकळं केलं असतं."

अंजलीनं मोजा घातला. बूट घालता येत नव्हता, तो हातात घेतला. बसमध्ये ती ड्रायव्हरमागच्या सीटवर एका बाईशेजारी जाऊन बसली आणि मी मागं उभी राहिले. घरी येऊन तिनं कपडे भरले आणि होस्टेलवर गेली. छबुबाईंनी विचारलं, पोरगी अशी का निघाली? त्यांना मी सांगितलं, सगळं सांगितलं, दहाव्याच्या दिवसापासूनचं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मी बोलले म्हणून काय तू पोरीचा पाय मोडायचा? त्या तेवढ्यापुरत्या बरोबर होत्या.

तरीही अंजली तपासणीला गेली. अकॅडमीतल्या बाकीच्या मुलींबरोबर, पायाला ड्रेसिंग करून. तानाजी सरांनी मला फोनवर सांगितलं की बोट बघायला तिथल्या डॉक्टरांना दोन मिनिटंही लागली नाहीत. बरोबरच्या चार मुली पास झाल्या. अंजली बाहेर त्यांच्या पिशव्या धरून बसली होती.

जखम भरल्यावर ऑपरेशनची तारीख ठरली. मला अंजलीनं नुसती तारीख आणि वेळ पाठवली, बाकी काही नाही. मी वेळेच्या आधी तासभर पोचले. ती खाटेवर बसली होती, दवाखान्याचा हिरवा गाऊन घालून, पाय समोर लांब करून. डावं बोट बऱ्यापैकी सरळ झालं होतं. खाली टॉवेल पडलेला होता, म्हणजे ती व्यायाम करत होती. मी स्टुलावर बसले. मग तिनंच सुरुवात केली.

"लहानपणचं मी सोडून देते," ती म्हणाली. "दहाव्याला आजी तुला काय बोलली ते सरांना गावातल्या कुणीतरी सांगितलं, सरांनी मला. तू भ्यालीस, तेबी समजतं मला. पण म्याडमनी तीनदा विचारलं. त्यानंतर मी अंगणात टाचेवर चालत होते, तू बघत होतीस. तवा कावून गप बसलीस?"

येताना बसमध्ये मी उत्तरं जुळवून ठेवली होती. लाज वाटली. भीती वाटली. तुला त्रास होईल असं वाटलं. त्यातलं एकही पूर्ण खरं नव्हतं.

"तू म्याडमला म्हणालीस, लई केलं आईनं," मी म्हणाले. "तसं मला कधी कुणी म्हणलं न्हवतं. ते हातचं जाऊ द्यावंसं वाटलं न्हाई."

तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर मी तो सहन केला असता. पण ती नुसती बघत होती, एखाद्या अनोळखी माणसाचा चेहरा नीट बघून घ्यावा तशी.

"म्हणजे तुला चांगलं म्हणवून घ्यायचं हुतं," ती म्हणाली. "म्हणून."

"होय."

तेवढ्यात सिस्टर कागद घेऊन आल्या. पेशंटची सही इथं, नातेवाइकाची इथं, आणि काही लागलं तर फोन कुणाला करायचा, तो नंबर. त्यांनी पेन माझ्याकडं केलं, मी घेतलंसुद्धा. अंजलीनं कागद स्वतःच्या मांडीवर ओढला, आपली सही केली आणि म्हणाली की तिचं वय एकोणीस आहे, दुसऱ्या सहीची गरज नाही. सिस्टर म्हणाल्या, सही नसली तरी चालेल, पण नंबर तर लागेल. मग त्यांनी माझ्याकडं बोट केलं आणि विचारलं, ह्या कोण तुझ्या?

"आई हाय," अंजली म्हणाली. "पण नंबर तानाजी सरांचा लिहा."

सिस्टरनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि तिनं सांगितलेला नंबर लिहिला.